पोंगा आणि पांडव

सायकसला नवा पोंगा यायचा असला की आधी त्याचा शेंडा फुगतो. वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही. मधली तपकिरी, लवदार गाठ जराशी सैल होते; आदल्या आठवड्यात दगडासारखी लागणारी जागा आंगठ्याखाली किंचित दबते. आमच्या नर्सरीत हा आंगठा मामांचा. मामा म्हणजे माझे सख्खे कुणी नव्हेत. चाळीस वर्षं झाडांत काढलेला माणूस. सगळे मामा म्हणायचे म्हणून मीही. रोज सकाळी ते सायकसच्या रांगेतून चालत जायचे, एकेका शेंड्यावर आंगठा टेकवायचे आणि ज्याला फुटवा येणार त्या कुंडीत एक काडी खोचायचे. मी काड्या मोजायचो आणि मालकांना सांगायचो, “या पंधरवड्यात बावीस धरा.”

मामांच्या आंगठ्याच्या आधी त्या शेंड्यावर दुसरंच कुणी बसून गेलेलं असतं, हे मला कळायला चौदा वर्षं लागली.

कृषी पदविका घेऊन २००३ साली मी या धंद्यात आलो. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की उरुळी कांचनच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्या लागतात. त्यांतल्याच एकीत सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे काय, तर पोयटा आला की ट्रॉली मोजायची, मजुरांची हजेरी मांडायची, गिऱ्हाईक आलं की त्याला शेडनेटमधून फिरवायचं आणि झाड मेलं की शिव्या खायच्या. माझ्याकडे शोभेच्या झाडांचा भाग होता, आणि त्यात सर्वांत जपायचा माल म्हणजे सायकस.

गिऱ्हाईक त्याला पाम म्हणतं, आम्हीही म्हणू देतो. तो पाम नाही. पामला फूल येतं. सायकसला येत नाही. देवदार आणि पाइनसारखी याची बी उघडी असते, नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि हे घराणं डायनॉसॉरांच्याही आधीपासूनचं. आम्ही विकतो ती जात मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. इंग्रजीत तिला सागो पाम म्हणतात म्हणून एका आजोबांनी “याचा साबुदाणा घरी काढता येईल का” असं विचारलं होतं. आपला उपासाचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि सायकस तर चक्क विषारी. कुत्र्यानं बी चघळलं तरी जिवावर बेततं. आजोबांना हे सांगितल्यावर त्यांनी सायकस घेतलाच नाही. खरं बोलून माल न खपल्याचं ते माझं पहिलं उदाहरण.

हे झाड वाढतं कासवाच्या चालीनं. खोड वर्षाला बोटाच्या पेराएवढं वाढलं तरी खूप झालं. पानंही एकेक करून येत नाहीत. वर्षातून एकदा, खतपाणी चांगलं असेल तर दोनदा, वीस-तीस पानांचं सगळं चक्र एकदम वर येतं. त्या वेळी पान इतकं कोवळं असतं की नखानं चिरावं. प्रत्येक पातं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, पोपटी, अंगावर पांढरी लव. दोन-तीन आठवड्यांत ते उलगडतं, तकतकीत गर्द हिरवं होतं आणि मग असं कडक होतं की हात घातला तर टोचतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते या चक्राचे. चक्र बिघडलं तर ती कुंडी पुढच्या फुटव्यापर्यंत, म्हणजे जवळपास वर्षभर, मागच्या रांगेत. पाणी, मजुरी, जागा सगळं आमच्या अंगावर.

आणि चक्र बिघडायचं. दर वर्षी. पोपटी पोंगा हातभर वर आलेला असायचा, दोन दिवस दुसऱ्या कामात गेलो की तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी काळपट, जळल्यासारखे दांडे. पाती नाहीशी, उरलेले खुंट सुकून वळलेले. जवळ जाऊन पाहिलं की दांड्यांवर अळ्या. त्यांना अळी म्हणावं का, हाही प्रश्नच. पाय दिसत नाहीत, डोकं दिसत नाही. तांदळाच्या फुगलेल्या दाण्यासारखं चपटं, लांबट अंग, कुठे हिरवं, कुठे तांबूस, कुठे जांभळट. एकाच झाडावर तिन्ही. दांड्याला अशा चिकटून बसायच्या की झाडाचीच गाठ वाटावी.

आमच्या वहीत याला एकच शब्द होता, “सायकसची अळी.” समोर लिहायचं, “औषध मारले.” किती मारलं, कुठलं मारलं हेही लिहिलेलं असायचं, अळी कशाची हे कधीच नाही. वांग्यावर अळी, गुलाबावर मावा, जास्वंदावर पिठ्या ढेकूण, सायकसवर अळी. कीड म्हणजे आपल्या मालावर बसलेलं काहीतरी. तिला स्वतःचं पुढचं आयुष्य असतं हा विचार हजेरी मांडणाऱ्या माणसाला परवडत नाही.

एकदा हे औषध माझ्याच अंगाशी आलं. एका हॉटेलची साठ कुंड्यांची ऑर्डर होती. पोंगे नुकते वर आलेले, दोन झाडांवर अळ्या दिसल्या आणि मी घाबरलो. मजुरानं बेतानं मिसळलेल्या औषधात मी स्वतः आणखी दीड झाकण ओतलं आणि भर दुपारी पाठीवरचा पंप घेऊन साठच्या साठ झाडं धुवून काढली. अळ्या मेल्या. चौथ्या दिवशी पात्यांची टोकं पिवळी पडली, आठव्या दिवशी साठही पोंगे कडेनं करपले. अळ्यांनी खाल्ले असते तर दोन गेले असते. मालक मला काही बोलले नाहीत. त्या महिन्याचा पगार मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं दिला नाही, टेबलावर ठेवला. त्या न बोलण्यातून मी काय शिकलो, तर दुपारी फवारायचं नाही, सकाळी फवारायचं. बस, एवढंच.

मामांची उपपत्ती वेगळी होती. त्यांच्या मते सगळा दोष मुंग्यांचा. “अळी मुंगी आणते,” ते म्हणायचे. “मुंगी चढली की समज, चार दिवसांत अळी.” आणि खरंच, ज्या पोंग्यावर अळ्या त्यावर मुंग्या हटकून. म्हणून ते कुंडीभोवती मुंग्यांची पावडर टाकायचे. मी शिकलेला, त्यामुळे मनात हसायचो. मुंग्या अळ्या आणत नाहीत, मेलेल्या अळ्या ओढून नेतात, असं माझं ठाम मत. दोघांनीही कधी ओणवं होऊन, त्या मुंग्या तिथं नेमकं काय करतात हे पाहिलं नव्हतं.

आता सांगायला लाज वाटते, पण नर्सरीत त्याच काळात फुलपाखरं भरपूर होती आणि ती मला आवडायची. ओल्या वाटेवर, पाइप गळतो तिथं, बोटाच्या पेराएवढी निळसर फुलपाखरं चिखल चोखत बसायची. मी मोबाइलवर फोटो काढायचो. गिऱ्हाइकाबरोबर पोरंबाळं असली की त्यांना दाखवायचो. मालकांनी फुलपाखरांच्या बागेसाठी म्हणून झाडांचा एक संच काढला होता, घाणेरी, एक्झोरा, जमैकन स्पाइक. त्याच्या पाटीवर निळ्या फुलपाखराचं चित्रही होतं. एका शेडमध्ये मी त्याच्यासाठी रोपं विकत होतो आणि शेजारच्या शेडमध्ये त्याचीच पोरं मारत होतो. दोन शेड, दोन वह्या.

पदविकेला तुरीच्या किडींत “निळे फुलपाखरू” असा एक प्रश्न असायचा. शास्त्रीय नाव लॅम्पिडस बोएटिकस. नुकसानीचा प्रकार, अळी कळ्या, फुले व कोवळ्या शेंगा खाते. मी हे घोकून लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. तरी डोक्यात काही जुळलं नाही. पाठ केलेल्या गोष्टीचं हे असंच असतं, ती उत्तरपत्रिकेतच राहते.

२०१७ च्या जून महिन्यात एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, बरोबर कुणी नाही, हातात कापडी पिशवी. मला म्हणाल्या, “सायकस हवाय, पण नुकता फुटवा येणारा. मागच्याच्या वेळी उशीर झाला.”

मी तयार चक्राच्या कुंड्या दाखवायला लागलो. त्या मान हलवून म्हणाल्या, “हे कडक झालं. याचा तिला काय उपयोग?”

“कुणाला, मॅडम?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. ओल्या वाटेवरचं तेच फुलपाखरू. “ही प्लेन्स क्यूपिड. आमच्या गच्चीत येते. सायकसवरच अंडी घालते, आणि कोवळा असेल तरच.” मग माझ्या तोंडाकडे बघून, वर्गात पाढा चुकलेल्या मुलाला सांगावं तशा शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही अळी म्हणता ना, तीच ही.”

पुढचा फोटो त्यांच्या गच्चीतल्या झाडाचा. दांड्यावर आमची ती जांभळट चपटी गाठ, आणि तिच्या पाठीवर मिशा टेकवून उभी असलेली मुंगी.

त्यांना मी मागच्या रांगेतला, वर्षभर पडून असलेला एक विद्रूप सायकस दिला. त्याचा शेंडा फुगत होता. कमी पैसे लावले तर त्या रागावल्या. “खराब माल म्हणून देऊ नका, मला हाच हवाय,” म्हणाल्या आणि पूर्ण पैसे देऊन गेल्या. फुटवा खाऊन जावा म्हणून सायकस नेणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बियाणं तपासायचं जुनं दहापट भिंग शोधून काढलं.

भिंगातून जे दिसलं ते सावकाश सांगतो, कारण ते बघायला मलाही बरेच दिवस लागले. मादी सकाळी ऊन तापल्यावर येते. पंख उघडले की मुळाशी फिकट निळी, कडेला रुंद तपकिरी पट्टी. नर मात्र जवळजवळ पूर्ण निळसर जांभळा. पंख मिटले की निळं सगळं गायब. राखाडी-तपकिरी अंगावर पांढुरक्या कडांच्या बारीक रेघा, मागच्या पंखाच्या मुळाशी काळे ठिपके, आणि टोकाला केशरी टोपी घातलेले दोन काळे ठिपके नि एक केसासारखी शेपटी. मादी उडत येते आणि कडक पानांच्या डझनभर कुंड्यांवरून नुसती जाते. थांबते ती मामांची काडी खोचलेल्या कुंडीवर. कधी कधी काडी नसलेल्या कुंडीवरही. सुरुवातीला मला वाटलं, हिचं चुकलं. दोन दिवसांनी मामा आले, आंगठा टेकवला आणि काडी खोचली.

तिला कसं कळतं हे मला विचारू नका. मी एवढंच सांगू शकतो की शेंड्याची खवली जेमतेम सैल झालेली असतात, तेव्हा ती त्यांच्या फटीत पोटाचं टोक वळवून घालते आणि एक अंडं ठेवून पुढे जाते. अंडं टाचणीच्या डोक्याहून बारीक, चपटं, फिकट हिरवट, आणि भिंगाखाली त्यावर जाळीचं कोरीवकाम. घाई तिला असणारच. पान दोन-तीन आठवडेच कोवळं. त्या मुदतीत अंडं फुटायचं, अळीनं खाऊन वाढायचं आणि चावता येणार नाही इतकं पान कडक व्हायच्या आत तिनं जेवण उरकायचं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा संसार साधारण तीन आठवड्यांचा. अळी भूक लागली म्हणून पोंगा फस्त करत नाही, तिला वेळ नसतो म्हणून करते. आम्ही चार दिवस उशिरा फवारायचो ते बहुतेक वेळा रिकाम्या ताटावर.

आणि मुंग्या. अळीच्या पाठीवर, शेपटाकडच्या बाजूला, एक बारीक चीर असते. मुंगी येते, मिशांनी तिथं थापटते, आणि चिरेतून गोड पाण्याचा एक थेंब वर येतो. मुंगी पिते. दुसरी येते. त्या चिरेच्या मागे दोन बाजूंना दोन नळ्या आहेत. अळी बिथरली की त्या झटकन बाहेर येतात, टोकाला झुपका असलेल्या, आणि तशाच आत जातात. त्या बाहेर आल्या की मुंग्या एकदम सैरावैरा होतात, पहाऱ्यावर आल्यासारख्या. अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशा असतात. त्यांना मुंग्या फिरकू देत नाहीत. असं संगनमत या एकाच जातीत आहे असं नाही. निळ्या फुलपाखरांच्या या मोठ्या कुळात, लायकेनिडीत, जगभर पाच हजारांच्या वर जाती आहेत आणि ज्यांचं जीवनचक्र माहीत आहे त्यांतल्या बहुतेकांचं मुंग्यांशी असं काही ना काही देणंघेणं असतं. मामा पूर्ण चुकले नव्हते, मी पूर्ण बरोबर नव्हतो. मुंगी अळी आणत नव्हती, पण मुंगी दिसली म्हणजे अळी आहे ही त्यांची खूण पक्की होती. आणि मुंग्यांची पावडर टाकून त्यांनी, नकळत का होईना, अळीचे पहारेकरीच मारले होते. माझ्या पंपापेक्षा ते शहाणं काम.

मामांना भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “दूध काढते की रे ती.” आणि भिंग परत देताना, “म्हणजे ही गोठ्यातली जनावरं झाली.”

त्यानंतर मला वाचायचा नाद लागला. या फुलपाखराचं शास्त्रीय नाव पांडव. पुस्तकांत चिलाडेस पांडव, अलीकडच्या याद्यांत लुथ्रोडेस पांडव. हे नाव दिलं थॉमस हॉर्सफिल्ड या अमेरिकन डॉक्टरानं, १८२९ साली, जावातल्या नमुन्यांवरून. त्यानं जावात बरीच वर्षं काढली, मग लंडनला ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय सांभाळलं. जावात सावल्यांच्या खेळात आजही पांडव नाचतात, तेव्हा तिथं हे नाव कुणाला उपरं वाटलं नसेल. त्या काळच्या साहेबांना आपल्याकडची नावं द्यायची भारीच हौस. याच कुळात सुरेंद्र आहे, प्रताप आहे. आमच्या कुंड्यांत तण म्हणून माजणाऱ्या आंबुटीवर वाढणारं एक फुलपाखरू आहे, याच्याहूनही लहान, फिकट. त्याचं नाव तर चक्क महा.

त्यापेक्षा मला जास्त रमवलं ते कारवारच्या गोष्टीनं. १८९६ साली डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मोठा लेख लिहिला. एटकेनचा जन्म साताऱ्याचा, नोकरी जकात आणि मिठाच्या खात्यात, आणि सोसायटीच्या स्थापनेत त्याचा हात. बेल जंगलखात्यातला, पुढे निवृत्त होऊन कारवारलाच राहिला आणि तिथंच १९४८ साली वारला. या लोकांची पद्धत अशी की फुलपाखरू जाळ्यात पकडून टाचणी मारून भागायचं नाही. अळी शोधायची, तिचं झाड शोधायचं, तिला पाळायचं आणि तिच्यातून काय निघतं ते बघायचं. मिठाची आणि जंगलाची नोकरी सांभाळून माणसं हे करत होती. सायकसच्या पाचशे कुंड्या आणि फुकटच्या अळ्या रोज समोर असताना मी काय करत होतो, तर झाकण मोजत होतो.

मोठ्या निळ्या फुलपाखराचं नशीब बरं. २०१५ साली ब्लू मॉरमॉनला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं. त्याची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांचा पाला खाते, घाटाकडच्या नर्सऱ्यांत तिच्यावरही वहीत एकच नोंद होत असणार, “लिंबावरील अळी, औषध मारले.” राज्याचं मानचिन्ह असलं म्हणून पंपाला ते ओळखू येत नाही.

आमच्या पांडवाला मान नको आहे आणि दयाही नको. तो तगडा आहे. शहराशहरांत, बंगल्यांच्या आणि कंपन्यांच्या दारांत आपण सायकस लावले आणि त्याच्यासाठी गावोगावी पानं वाढून ठेवली. जंगलातल्या रानसायकसवर तो पूर्वीपासून होता. पण जंगलातलं झाड कधी एकदा फुटणार, त्याची वाट बघण्यात त्याचं आयुष्य जात असेल. इथं नर्सरीत पाचशे झाडं, खत दिलेली, पाळीपाळीनं फुटणारी. पंगतच.

या पंगतीची दुसरी बाजू वाचून मात्र मी गप्प झालो. प्रशांत महासागरात गुआम नावाचं बेट आहे. तिथला रानसायकस, सायकस मायक्रोनेशिका, हा २००२ सालच्या पाहणीत बेटावरच्या जंगलात सर्वांत जास्त संख्येनं आढळलेला वृक्ष होता. २००३ मध्ये तिथं एक खवले कीड सापडली, शोभेच्या सायकसवरून आलेली. २००५ मध्ये आमचा पांडव सापडला. खरा घात खवले किडीनं केला. ती झाड चोखून वाळवते. पण वाळलेलं झाड जीव एकवटून नवा पोंगा काढायचं, तो पांडव खायचा. २००६ मध्ये ती जात संकटग्रस्त यादीत गेली. तिथल्या अळ्यांवर आपल्याकडच्या त्या बारीक गांधीलमाशा नाहीत. अळी झाडाबरोबर गेली, तिचे शत्रू मागे राहिले.

पांडव काही समुद्र ओलांडून उडत गेला नाही. पंख पसरले तर जेमतेम तीन सेंटिमीटर. झाडांबरोबर गेला. कुणीतरी कुठल्यातरी नर्सरीत कुंडी उचलली, शेंड्याच्या खवल्यांत काय आहे ते पाहिलं नाही, आणि टेम्पोत चढवली. मी तो माणूस नव्हे, पण तसाच माणूस आहे. माझ्या चौदा वर्षांच्या काळात मी अशा हजारो कुंड्या टेम्पोत चढवल्या आहेत.

आता आमच्याकडे पद्धत बदलली आहे. मामांची काडी खोचली गेली की त्याच संध्याकाळी शेंड्यावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढते, बुडाशी सुतळीनं बांधलेली. त्याआधी भिंगानं खवली तपासायची, अंडं दिसलं तर ब्रशनं काढायचं. पान कडक झालं, हाताला टोचलं, की पिशवी उतरवायची. पहिल्या वर्षी मजूर हसले. “सायकसला बाशिंग बांधलंय,” म्हणाले. औषधाचा खर्च निम्म्याहून खाली आला तेव्हा मालकांनी पगार पुन्हा हातात दिला, पण पिशव्यांच्या शिलाईचं बिल बघून कपाळाला आठी घातलीच. अजूनही कधी हयगय होते, पिशवी फाटते, मग निंबोळी अर्क मारावा लागतो. मी फुलपाखरांचा कैवारी झालो, असं कुणी समजू नये. मी त्याची पोरं आधी अळी म्हणून मारायचो, आता अंडं म्हणून काढतो. एवढाच फरक, आणि एक मागची रांग. तिथं सात-आठ विद्रूप सायकस आहेत, त्यांना पिशवी बांधत नाही. मालकांना सांगितलंय की ते खराब आहेत. ते खोटंही नाही.

त्या रांगेत उभं राहून मी एक गोष्ट नेहमी बघतो. पांडव बसला की मिटलेले मागचे पंख एकमेकांवर हळूहळू घासतो. त्यामुळे टोकाच्या त्या शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि केशरी टोपीचे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. डोकं पुढं असून ते मागं असल्याचं सोंग तो करतो. सरडा झडप घालतो ती खोट्या डोक्यावर. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. आमच्याकडची जुनी फुलपाखरं पाहिली तर कितीकांच्या मागच्या पंखाला नेमका तोच कोपरा नसतो. मामांना दाखवलं तर म्हणाले, “मालक बोलायला लागले की तूपण असंच करतोस.”

गेल्या पावसाळ्यात आखातात जाणारा माल होता, चाळीस कुंड्या. परदेशी मालाला माती चालत नाही, म्हणून सगळे कोकोपीटमध्ये. रोपवाटिकेत वाढवलेला असल्याचा कागद, कीडमुक्त असल्याचा कागद, सगळं तयार. सायकसच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध असल्यानं कागद जरा जास्तच. तपासणी होऊन गेली होती. टेम्पो सकाळी सातला उभा, ड्रायव्हर घाईत. त्याला दुपारच्या आत बंदराच्या रस्त्याला लागायचं होतं. मी सवयीनं भिंग घेऊन एकेक शेंडा बघत चढवत होतो. एकोणचाळीस चढल्या. चाळिसाव्याच्या खवल्यांत, पिशवी जिथं सुतळीखाली सरकली होती तिथं, हिरवट ठिपका. एकच. वरची जाळी भिंगाखाली स्पष्ट दिसत होती. ब्रशनं काढला असता तर झालं असतं. पण एक दिसतं तिथं न दिसलेलं दुसरं असतं, हे आता मला माहीत आहे.

मी कुंडी खाली उतरवली आणि मागच्या रांगेकडे न्यायला लागलो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, खिडकीतून डोकं काढलं. “ओ साहेब, ती एक का उतरवली? जागा आहे की.”

“ती भरलेली आहे,” म्हटलं.

त्यानं मागं वळून टेम्पोतली मोकळी जागा पाहिली, मग माझ्या हातातली कुंडी पाहिली, आणि गाडी सुरू केली.